दरफलकावरचं काय घ्यावं, काय सोडावं: खाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी गावाकडच्या सलूनचा आढावा

एसटी स्टँडसमोरचं कटिंगचं दुकान घ्या, नाहीतर गल्लीतलं लेडीज पार्लर. आर्वी असो की दारव्हा, भिंतीवरचा दरफलक थोड्याफार फरकाने सारखाच. शेंगदाणा, तीळ, दूध, अंडं, गहू यांपैकी कशाची ॲलर्जी असेल तर हा फलक भावासाठी नाही, यातल्या कशात खाण्याची वस्तू आहे हे हुडकायला वाचायचा.

साधी कटिंग पास. पाण्याचा फवारा, कात्री, मशीन, झालं. शेवटी मानेवर फिरणारा पावडरचा ब्रश तेवढा नको म्हणा. आधीच्या गिऱ्हाइकाचं तेल-क्रीम त्याच्या केसांत अडकलेलं असतं. नॅपकिन घरचा न्या.

चंपी नापास, निदान दुकानातल्या तेलाने तरी. आरशाखालची ती तेलकट, टोकदार झाकणाची बाटली नीट पाहा. लेबल एका कंपनीचं, आतलं तेल पाच लिटरच्या कॅनमधलं, आणि संपत आलं की न धुता वरूनच नवीन ओततात. "भाऊ, तेल कोणतं हाये?" असं विचारलं की "साधंच हाये जी, खोबऱ्याचं" असं उत्तर येतं. तो खोटं बोलत नसतो. मागच्या महिन्यातलं तीळतेल तळाशी उरलंय, हे त्याच्याही ध्यानात नसतं. तेव्हा नाव विचारू नका, "डबा दाखवा बरं" म्हणा. डबा नसेल तर चंपी नाही.

ॲलर्जी तेलातल्या स्निग्धांशाने होत नाही, प्रथिनाने होते. पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात राहतं. ज्या तेलाची हल्ली एवढी वाहवा चालते, तेच इथे जास्त जपण्याचं. तीळतेल तर सहसा रिफाइन केलेलं नसतंच, आणि महाभृंगराजसारख्या पारंपरिक तेलांचा पाया तिळाचाच असतो. नारळ चालत असेल तर घटकांत फक्त खोबरेल लिहिलेली छोटी सीलबंद बाटली सोबत न्या आणि कारागिराला आधी साबणाने हात धुवायला सांगा. बाजाराच्या दिवशी दुपारी ते हात खाऱ्या दाण्यांच्या पुडीतून नुकतेच बाहेर आलेले असतात. सॅनिटायझर इथे कामाचं नाही. त्याने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन बोटांवर तसंच राहतं.

दाढी चालेल, नवं ब्लेड आणि पुसलेली वाटी असेल तर. तुरटी फिरवू द्या, पण नंतरचा 'मसाज' सोडा. वस्तऱ्याने नुकत्याच खरवडलेल्या कातडीतून क्रीममधलं प्रथिन सहज आत शिरतं. फेशियलचंही तेच. स्क्रबमधली रवाळ कणी बऱ्याचदा अक्रोडाच्या टरफलाची, क्रीम बदामाची, पॅक दूध-मलईचा. शिवाय सगळं ओठ-डोळ्यांजवळ. नकोच.

पार्लरमधली मेंदी वेगळ्याच कारणाने फसवते. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेल्या मेंदीत दही आणि अंडं कालवतात, ते तास-दीड तास डोक्यावर राहतं आणि ओघळ कपाळावर येतात. घरून फक्त चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी नेली, तर बहुतेक ताई आनंदाने लावून देतात. नव्याने निघालेलं जवसाचं जेलही विचारून घ्या. जवसाची ॲलर्जी विरळ असली तरी असते. काळ्या मेंदीने डोकं सुजलं तर खापर खाण्यावर फोडू नका, ते बहुधा पीपीडी या रंगद्रव्याचं काम असतं.

हेअर स्पाच्या डब्यावर 'हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन' लिहिलेलं असतं, म्हणजे तोडलेलं गव्हाचं प्रथिन. जपानमध्ये असंच प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण 2011 साली परत मागवावा लागला. 2000हून अधिक जणांना तो वापरून गव्हाची ॲलर्जी जडली होती. लेबलवरची बाकी नावंही फोनमध्ये टिपून ठेवा: अराचिस हायपोजिया म्हणजे भुईमूग, सिसॅमम इंडिकम तीळ, प्रूनस अमिग्डालस बदाम, जगलान्स रेजिया अक्रोड, ग्लायसिन सोया सोयाबीन, लॅक दूध, ओव्हम अंडं. पुडीवर यादी बहुधा नसते. पुडीतला शाम्पू नाकारा.

कानामागे थेंब लावून 48 तास थांबायची चाचणी डायसाठी आहे. खाण्याच्या ॲलर्जीत त्रास बहुधा मिनिटांत सुरू होतो, आणि पूर्वी जोराची रिॲक्शन आलेल्याने हा प्रयोग घरी करूच नये.

नुसती खाज आली तर साबण-पाण्याने धुवा आणि लक्ष ठेवा. आवाज बसला, श्वास अडकला, चक्कर किंवा उलट्या आल्या तर 108 लावा. गोळी घेऊन वाट पाहू नका. सेट्रिझिनने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. लागतं ते मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त 0.5. जवळच्या आरोग्य केंद्रात ते आहे का, हे आधीच विचारून ठेवा. तोवर आडवं निजवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. दोघांच्या मध्ये बाइकवर बसवून नेणं हा इकडचा नेहमीचा उपाय, आणि तोच वाईट: रक्तदाब पडलेला माणूस ताठ बसवला की आणखी खालावतो. जीप मिळाली तर मागच्या सीटवर निजवून न्या.

राहिलं जावळ. अंगावर इसब असलेल्या बाळाच्या टाळूवर शेंगदाण्याचं किंवा बदामाचं तेल चोळू देऊ नका. सुजल्या कातडीवर शेंगदाणा तेल आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी यांचा संबंध ब्रिटनमधल्या 2003च्या अभ्यासात दिसला होता. न्हावी घरीच येतो, तेलाची वाटी आपणच त्याच्यापुढे ठेवतो; त्या वाटीत काय ओतायचं ते आजीशी आदल्या दिवशीच बोलून घ्या.