हेब्रॉनची दोन गाईडवाली टूर : वेळ काढून कराच
जेरुसलेमहून वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहराची एक दिवसाची टूर केली, एक गाईड इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी. इस्रायली गाईडला एच-१ भागात (शहराचा पॅलेस्टिनी प्रशासनाखालचा भाग) यायची परवानगी नाही म्हणून तिकडे पॅलेस्टिनी दादा एकटेच फिरवतात. एकाने १९२९ मध्ये इथे अरब जमावाकडून मारल्या गेलेल्या ६७ ज्यूंबद्दल सांगितलं, दुसऱ्याने १९९४ मध्ये इथल्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढताना एका ज्यू वसाहतवाल्याने मारलेल्या २९ मुस्लिमांबद्दल, आणि दोघांनी एकमेकांना मधे तोडलं नाही हे मला फार भावलं. शुहादा स्ट्रीटवरची, इस्रायली लष्कराने बंद करायला लावलेली दुकानं बघून तर बोलवेना.

सगळ्यात जास्त डोक्यात राहिलं ते टीआयपीएच (टेम्पररी इंटरनॅशनल प्रेझेन्स इन हेब्रॉन), म्हणजे नॉर्वे, स्वीडन, तुर्की वगैरे देशांचे बिनशस्त्र निरीक्षक, १९९७ पासून इथे होते, २०१९ ला इस्रायलने मुदत वाढवली नाही आणि त्या सरकारांनी नुसती नाराजी व्यक्त केली. त्यांचे रिपोर्टही जाहीर होत नव्हते!! मला मनापासून वाटतं बाहेरच्या सरकारांनी निषेधाची पत्रकं काढण्यापेक्षा असे निरीक्षक परत पाठवायला जोर लावावा आणि रिपोर्ट सगळ्यांसाठी खुले करावेत, कोणीही मारलं तरी नोंद झालीच पाहिजे.

प्रश्नोत्तरांना वेळ फारच कमी दिला, त्याचा एक स्टार कापला. चालायचे बूट घाला, पासपोर्ट जवळ ठेवा, चेकपोस्टवर लागतो.