महिला गटाचा उद्योग: सेक्शन ८ कंपनी, सहकारी संस्था की उत्पादक कंपनी?

१९५९ मध्ये गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथल्या बहिणी सकाळी शाखेतून मळलेलं पीठ नेतात, घरी लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी वजन करून जमा करतात. लाटणारी बाईच मालक. नोंदणीआधी तुमच्या गटानेही हेच ठरवायला हवं: वर्षाअखेर उरलेला पैसा कुणाचा?

सेक्शन ८ कंपनीत, म्हणजे कंपनी कायद्याखालच्या ना-नफा कंपनीत, तो वाटताच येत नाही, संस्थेच्या कामातच घालावा लागतो. दोघीजणी मिळूनही ती काढता येते आणि आयकर सवलतीच्या १२ए, ८०जी नोंदण्या मिळाल्या की देणग्या घेणं सोपं होतं. सीएसआरचं, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या निधीचं, मात्र वेगळं आहे. सीएसआर-१ नोंदणी लागतेच, शिवाय कामाचा ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्या निधीच्या भरवशावर आधीच जागा आणि यंत्र घेतलेले गट इथे अडकतात.

सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० सभासद लागतात. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांश निबंधकांच्या परवानगीशिवाय १५ टक्क्यांवर जात नाही. सेवा देणाऱ्यांना हा मार्ग शोभतो. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारीच आहे.

माल बनवून विकायचा असेल तर आमचा कौल उत्पादक कंपनीला, म्हणजे माल बनवणाऱ्याच जिच्या सभासद असतात त्या कंपनीला. किमान १० उत्पादक, ५ ते १५ संचालक, एका सभासदाला एकच मत. मुख्य म्हणजे बोनस भांडवलावर नाही, जिने जितका माल दिला त्या प्रमाणात मिळतो. म्हणून जास्त राबणारीला जास्त मिळतं आणि चांगला माल बाहेरच्या व्यापाऱ्याकडे वळत नाही. प्रत्येकीच्या मालाची वजनवही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. नसेल तर बोनस वाटताना भांडणं ठरलेली.

उत्पादक कंपनीत सभासद भरमसाट करू नका. सर्वसाधारण सभेला एक चतुर्थांश गणसंख्या लागते, म्हणजे ३०० सभासद असतील तर ७५ जणी हजर हव्यात. दोन्ही प्रकारच्या कंपन्यांना ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरल्यास प्रत्येकी रोज १०० रुपये जादा शुल्क पडतं. १८० दिवसांत दोन्हींचे मिळून ३६,००० होतात. सलग ३ वर्षं भरलं नाही तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात. त्यामुळे सीएची वार्षिक फी पहिल्याच पाकिटाच्या किमतीत धरा.