सागवानी आइस्क्रीम पॉट: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

हाताने फिरवायचा लाकडी पॉट घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आधीच सांगते. घरात हँडल फिरवायला चार जण असतील तर जरूर घ्या. दोघंच राहत असाल आणि कधीतरी वाटीभर आइस्क्रीम हवं असेल, तर हा तुमच्यासाठी नाही.

माझं आजोळ मिरजेचं. मे महिन्यात तिथे सकाळी गच्चीवर कुरडयांचा गरम चीक तूप-साखर घालून मिळायचा, दुपारी पन्हं आणि आंबाडाळ, जेवणात पायरीचा रस. यातलं बहुतेक सगळं आजही घरी होतं, नाहीतर विकत मिळतं. गेलं ते पॉटचं आइस्क्रीम. पॉट भाड्याने यायचा. मामा सायकलच्या कॅरिअरवर बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणायचा, तिला लाकडाचा भुसा चिकटलेला असायचा. अंगणात ती पोत्यातच वरवंट्याने फोडायची आणि मग नंबर लावून हँडल फिरवायचं. पुढे घरोघर फ्रीज आले, पॉट गेले. आता हाताने फिरवलेलं आइस्क्रीम खायचं तर उन्हाळ्यात रस्त्याकडेला लागणाऱ्या मेवाड आइस्क्रीमच्या गाड्या शोधाव्या लागतात. तेच घरच्या मुलांना आपल्या घरी मिळावं म्हणून यंदा पाडव्याला पॉट घेतला. चार लिटरचा, पाच हजारांच्या आतबाहेर पडला.

रचना जुनीच आहे. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली सागवानी बादली, मधे स्टीलचा डबा, डब्यात लाकडी पात्यांचा पंखा, वर गिअरची आडवी पट्टी आणि हँडल. हँडल फिरवलं की डबा फिरतो, पंखा जागेवर राहतो. डब्याच्या भिंतीवर गोठलेला पातळ थर पाती सतत खरवडत राहतात, म्हणून बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. नॅन्सी जॉन्सन नावाच्या अमेरिकन बाईंनी 1843 साली अशा हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. मूळ युक्ती आजही तीच आहे आणि ती इतकी पक्की आहे की बदलायचं कारणच पडलं नाही.

बादलीत फोडलेला बर्फ आणि खडेमीठ थरावर थर भरायचं. मला एका वेळेला साधारण आठ किलो बर्फ आणि दोन किलो मीठ लागतं. नुसत्या वितळत्या बर्फाने दूध शून्य अंशाच्या खाली जात नाही आणि साखरेचं दूध शून्यावर गोठतही नाही. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढतो. प्रमाण अचूक साधलं तर हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरतं. घरी इतकी थंडी लागत नाही. उलट मीठ फार झालं तर कडेचं दूध झटकन दगडासारखं धरतं आणि आतलं पातळच राहतं. बारीक मीठ वापरू नका, ते लगेच विरघळून तळाशी जातं.

बर्फाबद्दल एक सांगायलाच हवं. खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा, हा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला. पॉटमधला बर्फ पोटात जात नाही हे खरं, पण फिरवताना पाण्याचा एखादा थेंब झाकणातून आत जाऊ शकतो. म्हणून मी खाण्याचाच पांढरा बर्फ आणते.

आमचं ठरलेलं प्रमाण: दोन लिटर म्हशीचं दूध दीड लिटरपर्यंत आटवायचं, साखर घालायची, गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सहा हापूसचा रस चाळणीतून काढून फिरवायच्या आधी मिसळायचा. रसही गारच हवा, गरम दुधात घातला तर दूध फाटतं. डबा दोनतृतीयांशच भरायचा, कारण हवा शिरून मिश्रण फुगतं.

पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही आणि मुलं नेमकी तिथेच कंटाळतात. आई खुर्चीवर बसून सूचना देते, "हळू रे, सुरुवातीला पळवायचं नाही." विसाव्या मिनिटाच्या आसपास झाकण पुसून उघडलं की आत बघण्यासारखं असतं. कडेला दाट साय धरल्यासारखा थर, पात्यांमागे उमटलेल्या रेघा, आणि मघाशी गडद केशरी असलेला रस हवा मिसळल्यामुळे फिका पिवळा झालेला. मग हँडल जड होऊ लागतं. भाचा "मावशी, आता तू धर!" म्हणाला की झालंच समजायचं. पंखा काढून, झाकणाला बूच लावून, वर बर्फ आणि ओलं पोतं टाकून तासभर मुरायला ठेवायचं. पंख्याला चिकटलेलं कोणी खायचं यावरून आमच्या वेळी भांडणं व्हायची, आता पुढची पिढी भांडते. ती चव वाटीतल्या आइस्क्रीमला नसते, हे मी आजही मानते.

विकतच्यापेक्षा हे जड लागतं, आणि त्याला कारण आहे. नियमाप्रमाणे आइस्क्रीम लिटरमागे किमान 525 ग्रॅम भरलं तरी चालतं, म्हणजे डब्यात जवळजवळ निम्मी हवा असू शकते. हाताने फिरवून तेवढी हवा जात नाही. आंब्याचा वास जिभेवर आधी येतो, गारवा नंतर. मात्र उरलेलं फ्रीजरमध्ये ठेवू नका, दुसऱ्या दिवशी ते टणक होतं आणि कचकच लागते. त्याच दिवशी संपवा, शेजारी द्या.

तक्रारी आहेत. नवी बादली पहिल्यांदा चांगलीच गळली. रात्रभर पाण्याने भरून ठेवली तेव्हा लाकूड फुगून फटी बुजल्या, पण ही सूचना बनवणाऱ्याने द्यायला हवी होती. गिअरवर मिठाच्या पाण्याने महिन्याभरात गंज आला, आता प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून खोबरेल तेल लावते. पावसाळ्यात लाकडावर बुरशी धरली, सावलीत वाळवून घासावी लागली. बादलीचं भोक मात्र बरोबर उंचीवर आहे, खारं पाणी झाकणापर्यंत चढण्याआधीच वाहून जातं. ते पाणी कुंड्यांत किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका, झाडं मरतात.

दिवाळीत सीताफळाचं केलं. बिया काढण्यात दुपार गेली, पण आंब्याइतकंच छान झालं. गर मात्र शेवटच्या पाच मिनिटांत घालावा, म्हणजे त्याच्या पाकळ्या मोडत नाहीत.

एक शेवटचं. विकत घ्यायच्या आधी तुमच्या गावातल्या भांडी भाड्याने देणाऱ्या जुन्या दुकानात चौकशी करा. काही ठिकाणी अजून पॉट निघतो. एक रविवार फिरवून बघा आणि मग ठरवा. घ्यायचाच ठरला तर चार लिटरच्या वर जाऊ नका, सहा लिटरचा भरलेला पॉट उचलायलाच दोघं लागतात.