‘नवीन’ ब्रेक डिस्कचे पैसे दिले आणि माझीच जुनी डिस्क परत मिळाली

गाडीतलं थोडंफार कळतं असा माझा समज होता. पैशांपेक्षा त्या समजाचीच जास्त लाज वाटते.

ताशी ८० वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं, ब्रेक सोडला की शांत. म्हणजे व्हील बॅलन्सिंगची भानगड नाही, ती असती तर ब्रेक न दाबताही थरथर जाणवली असती. आणि सीटमध्ये किंवा पेडलमध्ये नाही, हातात येत होती, म्हणजे बहुधा पुढची चाकं. हे निदान मी घरूनच करून गेलो आणि मोठ्या ऐटीत गॅरेजवाल्याला ऐकवलंही. अर्धवट शहाणं गिऱ्हाईक त्याला आयतंच मिळालं.

“बरोबर ओळखलंत साहेब, डिस्क वाकल्यात. जोडीच बदलू.” डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. ना चाक काढलं, ना काही मोजलं. चाक काढायच्या आधी जो ‘वाकली’ म्हणतो त्याच्या दारातून गाडी परत फिरवा.

डिस्कची जोडी ७,८००, पॅड २,४५०, मजुरी १,२००, अलाइनमेंट ६५०. एकूण १२,१००. ब्रेक दाबल्यावरच येणाऱ्या थरथरीचा अलाइनमेंटशी काय संबंध, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

पण खरा राग येतो तो पुढच्या दोन मिनिटांचा. गाडी जॅकवरून उतरत होती आणि चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क दिसत होती. पॅड जिथे घासतो तो भाग चकचकीत, आणि मधली टोपी तपकिरी, गंजाचे पापुद्रे सुटलेली. मी विचारलं, “दादा, नव्या डिस्कला गंज?” तो म्हणाला, “बीड असतं साहेब, पाणी लागलं की लगेच गंजतं.” यात अर्धं खरं आहे, म्हणून तर मी फसलो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, रातोरात गंजतं, पण तो गंज नारिंगी, पातळ, पॅड घासतो तिथला तर ब्रेक लावताच निघून जाणारा. पापुद्रे धरायला खूप काळ जावा लागतो. हे मला माहीत होतं! तरी मान डोलावली, कारण मागे दोन गाड्या थांबल्या होत्या आणि चारचौघांत हुज्जत घालायला मला नको वाटतं. जुने पार्ट मागितले तर “भंगारात गेले” म्हणाला. कसले जातायत, माझ्याच गाडीला लावलेले होते.

१,९०० किलोमीटर झाले आणि थरथर परत आली. त्याचं म्हणणं, तुम्हीच ब्रेक जोरात मारता.

दुसऱ्या मेकॅनिकने तोंड उघडायच्या आधी मायक्रोमीटर लावला. जाडी २०.१ मिलिमीटर. माझ्या गाडीची नवी डिस्क २२ ची असते, आणि २० ही किमान जाडी तिच्यावरच कोरलेली आहे. जुनीच डिस्क लेथवर तासून नव्याच्या भावात विकली होती. पॅड तेवढे खरोखर नवे होते, म्हणे.

मूळ दुखणं तर तिसरंच निघालं. डिस्क उतरवल्यावर हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा थर, त्यावर डिस्क तिरकी बसलेली. डायल गेजवर ती ०.१२ मिलिमीटर डोलत होती. बऱ्याच गाड्यांत ०.०५ च्या वर चालत नाही. अशी डिस्क पहिल्या दिवशी काही बोलत नाही. ब्रेक न लावताही पॅड दर फेरीला एकाच जागी चाटत राहतो, तिथली जाडी एखाद-दोन शतांश मिलिमीटरने बदलते आणि मग स्टिअरिंग थरथरतं. म्हणून तर पैसे देताना घेतलेल्या ट्रायलमध्ये सगळं लोण्यासारखं वाटलं. त्या हबवर अस्सल नवी डिस्क बसवली असती तरी हेच झालं असतं.

हब तारेच्या ब्रशने साफ केला, खरी जोडी ८,२००, मजुरी ९००. गेजवर ०.०३. नट त्याने इम्पॅक्ट गनने न ठोकता आलटून पालटून समोरासमोरचे, टॉर्क पान्याने, मोजून सारख्या जोराने आवळले. आधीच्या ठिकाणी पोरगं एकाच नटावर गन धरून बसलं होतं, तेही मी पाहिलं होतं.

आता तक्रारीचं. गॅरेजवाला म्हणतो, जॉब कार्डवर तुमची सही आहे. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, ग्राहक तक्रार कक्षात जा. तिथे ४० मिनिटं रांगेत उभं राहिल्यावर कळलं की बिलावर पार्ट नंबर नाही, त्यामुळे ‘वस्तू कोणती हे सिद्ध होत नाही’. अहो, तीच तर तक्रार आहे! नंबर नाही कारण पार्टच नाही. मग म्हणे तज्ज्ञाचा दाखला आणा. दुसऱ्या मेकॅनिकने मापं लिहून सहीनिशी दिली, तर तो ‘मान्यताप्राप्त’ नाही. मान्यता कोण देतं, हे विचारल्यावर खिडकीतल्या बाईंनी मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं आणि ती जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती. तीन खेपा झाल्या. म्हणून सांगतो, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, नव्या पार्टचा खोका उघडताना समोर उभे राहा, आणि जुना पार्ट हातात पडल्याशिवाय किल्ली घेऊ नका. लोक कंजूष म्हणोत.

जुन्या डिस्क या वेळी मी पोत्यात घालून घरी आणल्या. किमान २० चा आकडा अजून स्वच्छ वाचता येतो. चार वेळा फोटो पाठवला. कक्षाचं उत्तर आलंय, फाइल उघडत नाही.