‘गिफ्ट’ म्हणजे विष कसे झाले? : डीडब्ल्यूडीएस या ऑनलाइन जर्मन कोशाविषयी

इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, मग जर्मनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ विष कसा, हा प्रश्न जर्मनच्या वर्गात हमखास विचारला जातो. ‘फसवा शब्द’ म्हणून तो पाठ करून घेतला की विषय संपतो. तो तसा संपू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा डीडब्ल्यूडीएस हा विनामूल्य कोश अवश्य उघडावा.

उच्चार, आजचा अर्थ आणि उदाहरणे तिथे आहेतच. पण खरे धन व्युत्पत्तीच्या भागात आहे. तो मजकूर वोल्फगांग फायफर यांच्या संपादनाखाली १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या व्युत्पत्तिकोशावर आधारलेला आहे. ‘गिफ्ट’ हे नाम ‘गेबेन’, म्हणजे देणे, या क्रियापदाचे. त्याचा जुना अर्थ ‘जे दिले ते’. ग्रीक ‘डोसिस’चाही अर्थ देणे, आणि तो शब्द लॅटिनमधून औषधाच्या मात्रेसाठी रूढ झाला. त्याच धर्तीवर ‘गिफ्ट’ही मात्रा झाली आणि घातक मात्रेसाठी सौम्य शब्द म्हणून वापरता वापरता विष हाच अर्थ उरला. ‘डोसिस’ हा आपल्या ‘दान’मधील ‘दा’ धातूचा भाऊबंद आहे. ‘गेबेन’चे मूळ मात्र वेगळे आहे.

जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’ या शब्दात टिकून आहे. मुलीबरोबर दिले जाणारे धन असा त्याचा अर्थ. तो शब्द आजही स्त्रीलिंगी आहे, तर विषवाचक ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी झाला आहे. स्वीडिशमध्ये तर हाच शब्द ‘विवाहित’ आणि ‘विष’ या दोन्ही अर्थांनी चालतो. लग्नात मुलगी ‘दिली’ जाते, ही कल्पना ‘कन्यादान’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला निराळी समजावून सांगावी लागत नाही. जुन्या इंग्रजीतही ‘गिफ्ट’चा अर्थ वधूमूल्य असा होता आणि उच्चाराची सुरुवात ‘य’सारखी होती, आजचा ‘ग’ नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेच्या प्रभावाने आला.

कोश संपूर्ण जर्मनमध्ये असून व्युत्पत्तीचा भाग संक्षेपांनी भरलेला आहे, त्यामुळे बी-१ (भाषाशिक्षणातील मध्यम) पातळीच्या आत तो जड जाईल. संक्षेपांची सवय झाली की शेजारी ग्रिम बंधूंचा, १८३८ साली सुरू होऊन १९६१ साली पूर्ण झालेला महाकोशही उघडावा. त्यात नामे आजच्या जर्मनसारखी मोठ्या नव्हे, तर लहान अक्षराने सुरू होतात, एवढे लक्षात ठेवावे.