इंकस्केप : आठवी ते दहावीला डिझाईन शिकवायचं तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच माध्यमिक शाळांत संगणक खोलीचं चित्र ओळखीचं असतं. दहा-बारा संगणक, ४ जीबी रॅम, एका संगणकावर दोन-तीन मुलं, ३५ मिनिटांची तासिका आणि भरवशाचं नसलेलं इंटरनेट. अशा खोलीत ग्राफिक डिझाईन शिकवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं विचारलं, तर आम्ही इंकस्केपचं नाव घेऊ. त्यात उणिवा आहेत, त्यातल्या दोन-तीन चांगल्याच त्रासदायक आहेत, त्या पुढे सांगतोच. पण मुलाला आकार आणि अक्षर आतून कसं बांधलेलं असतं हे दाखवणारं, एक पैसाही न घेणारं आणि नेटशिवाय चालणारं दुसरं इतकं चांगलं साधन सध्या तरी दिसत नाही.

इंकस्केप २००३ पासून आहे, मुक्त परवान्याचं आहे, आणि २०२० साली त्याची १.० आवृत्ती आली. शाळेसाठी १.२ किंवा त्यापुढची घ्या, कारण एका फाइलीत अनेक पानं तिथपासून करता येतात आणि जेपीजी थेट काढता येते. १.३ मध्ये शेप बिल्डर आला. एकमेकांवर आलेल्या आकारांतले हवे ते तुकडे टिचकी मारून जोडायचे, एवढं सोपं ते आहे; आठवीच्या मुलांना फार आवडतं. फाइल एकदा उतरवून घेतली की पेन ड्राइव्हनं सगळ्या संगणकांवर बसवता येते. ज्याच्या घरी संगणक आहे त्या मुलालाही तीच प्रत देता येते, त्यात चोरी नाही.

कॅनव्हा या ऑनलाइन डिझाईन साधनाशी तुलना होणारच. शिक्षकांसाठी त्याची शैक्षणिक योजना मोफत आहे, आणि निमंत्रणपत्रिका दहा मिनिटांत देखणी होते हे खरं. पण तिथे मांडणी आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते, मुलानं फक्त नाव आणि फोटो बदलायचा. शिवाय प्रत्येकाला खातं लागतं, नेट लागतं. दहावीच्या शेवटी मांडणीची तुलना करायला कॅनव्हा दाखवा. सुरुवात मात्र तिथून नको.

पहिला धडा केळ्याचा घ्या. रावेर-यावल पट्ट्यातल्या मुलाला केळ्याचा आकार डोळे मिटून माहीत असतो, त्यामुळे चूक झाली तर ती त्यालाच आधी दिसते. कंट्रोल दाबून धरून एक गोल काढायचा, कंट्रोल आणि डी दाबून त्याची दुसरी प्रत करायची, ती थोडी वर सरकवायची. दोन्ही गोल निवडून पाथ मेनूतलं डिफरन्स द्यायचं. वरचा आकार खालच्याला कापतो आणि खाली चंद्रकोर उरते. कोर उलट्या बाजूची आली तर थरांचा क्रम उलटा झालेला असतो. अनडू करून वरच्या थरातल्या गोलाला पेज डाऊननं खालच्या थरात घ्या आणि पुन्हा कापा. काहीच झालं नाही तर बहुधा एकच गोल निवडलेला असतो. आता एफ-२ दाबून नोड, म्हणजे रेषेचा आकार ठरवणारे बिंदू, दाखवा. कोरीच्या दोन्ही टोकांना अणकुचीदार नोड आहेत, पण खऱ्या केळ्याला एका बाजूला देठ असतो आणि दुसऱ्या बाजूला बोथट काळं टोक. रेषेवर डबल क्लिक केलं की नवा नोड येतो. असे दोन-तीन नोड देऊन देठ ओढायला लावा. नंतर ऑल्ट आणि डी दाबून त्या केळ्याचे क्लोन करायचे, प्रत्येक थोडा फिरवायचा, की पाच केळ्यांची फणी तयार. मूळ केळ्याची बाजू फुगवली की पाचही केळी फुगतात. त्या क्षणी वर्गात जो गलका होतो तोच या धड्याचा निकाल.

हेच केळं पेन टूलनं काढायला सांगितलं तर मुलं वीस-पंचवीस ठिकाणी टिचक्या मारतात. पडद्यावर ते ठीक दिसतं. ६ फुटी फ्लेक्सवर मोठं झालं की प्रत्येक जादा नोडपाशी रेषेला गाठ दिसते. कंट्रोल आणि एल नं नोड कमी होतात, पण आकारही बिघडतो, म्हणून तो उपाय सवयीचा होऊ देऊ नका. कमी नोड, आणि नोडमधून निघून वळण ठरवणाऱ्या दांड्या लांब, हा नियम पहिल्या आठवड्यातच हाडीमाशी खिळला पाहिजे.

ट्रेस बिटमॅप हे फोटोवरून आपोआप आकार काढणारं साधन निदान पहिला महिना दाखवूच नये. नेटवरचा बोधचिन्हाचा फोटो उचलून ट्रेस करायचा आणि स्वतःचा म्हणायचा, ही खोड लागली की सुटत नाही. त्यातून हजारो नोडचा गुंता मिळतो आणि चिन्ह दुसऱ्याच्या मालकीचं असतं ते वेगळंच. पुढे मुलाचं स्वतःचं, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं काढलेलं चित्र ट्रेस करायला मात्र हरकत नाही. थ्रेशोल्ड (कुठपर्यंतचा रंग काळा धरायचा ती मर्यादा) ०.४५ च्या आसपास ठेवून बघा. रेषा तुटत असतील तर आकडा वाढवा, कागदावरचे डाग काळे येत असतील तर कमी करा. ट्रेस झालेलं चित्र मूळ फोटोच्या बरोबर वर बसतं, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटून मुलं चार-चार वेळा ट्रेस करतात आणि संगणक रांगायला लागतो. वरचं ओढून बाजूला घ्या, खालचा फोटो काढून टाका.

आता मराठी. इंकस्केपची खरी किंमत इथे कळते आणि शिक्षकाची परीक्षाही इथेच होते. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या युनिकोड फॉन्टमध्ये नीट उमटतात, त्यासाठी वेगळी खटपट नाही. विंडोज १० मध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून उच्चारानुसार टंकायचा फोनेटिक कीबोर्डही आहे. आम्ही इनस्क्रिप्ट शिकवा म्हणू, कारण तो भारतीय लिप्यांना सामाईक आहे आणि पुढे नोकरीतही कामी येतो. पहिल्या दिवशी ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकायला लावा. निम्मा वर्ग ‘दुसर्या’ लिहील, कारण त्यांनी साधा र घेतलेला असतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून येणारा ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. अहिराणीतल्या घोषणांचे फलकही करून घ्या. ‘कानबाईना रोट’ एवढे दोन शब्द मोठ्या अक्षरांत नीट मांडायला सांगितलं तरी अंतर, वजन (म्हणजे अक्षराची जाडी) आणि मात्रांची उंची हे सगळं शिकवून होतं.

फॉन्ट मोफत मिळतात, पण थोडेच निवडा. मजकुराला ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, त्याची सात वजनं आहेत. मथळ्याला बालू किंवा यात्रा वन. आणि एक टिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल शेजारी ठेवून मोठे करून दाखवा. शाळेत हयात घालवलेल्या मुलांनाही हा फरक पूर्वी कुणी दाखवलेला नसतो. फॉन्ट बसवताना उजवी टिचकी मारून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय घ्या, नाहीतर दुसऱ्या लॉगिनवर तो दिसत नाही. बसवल्यावर इंकस्केप बंद करून पुन्हा उघडा.

मराठी अक्षरांत तीन चुका हमखास होतात. पहिली, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजी मथळ्यांना ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. जागा भरायची असेल तर अक्षर मोठं करा किंवा वजन वाढवा. दुसरी, ओळींमधलं अंतर. इंकस्केप ते १.२५ देतं, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. १.४ ते १.५ ठेवा. तिसरी चूक बाहेरच्या फ्लेक्सवर सगळीकडे दिसते : अक्षरांना जाड किनार दिली की जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथे आडव्या-उभ्या रेघा उमटतात. कारण प्रत्येक अक्षर हा वेगळा बंद आकार आहे आणि किनार प्रत्येकाला वेगळी मिळते. यावर सोपा इलाज म्हणजे फिल अँड स्ट्रोकमध्ये क्रम बदलून किनार भरावाच्या मागे न्यायची. पक्का इलाज म्हणजे मजकूर ऑब्जेक्ट टू पाथ करायचा, गट सोडवायचा, सगळं निवडून युनियन द्यायचं आणि मग किनार लावायची. पाथ झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून त्याआधी फाइलीची दुसरी प्रत ठेवायला लावा आणि मजकूर भाषेच्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्यांना संकल्पचित्रासाठी याचा मोठा उपयोग आहे. एडिट मेनूतल्या क्लोनमध्ये टाइल्ड क्लोन्स आहे. त्यात नक्षीच्या पुनरावृत्तीचे १७ प्रकार दिले आहेत. एक पाकळी काढा, तिच्यावर दोनदा टिचकी मारून फिरण्याचं केंद्र पाकळीच्या बुडाशी आणा, मग १ ओळ, ८ स्तंभ, प्रत्येक स्तंभाला ४५ अंश, आणि शिफ्टच्या टॅबमध्ये ‘एक्सक्लूड टाइल’वर खूण. आठ पाकळ्यांचं फूल मिळतं. ही खूण करायची राहून गेली तर पाकळ्या रांगेनं पळत जातात. परीक्षेला हातानंच काढायचं आहे, पण एका तासात दहा रचना करून बघता येतात, हा फायदा कागदावर नाही.

उणिवांपैकी वेग आणि वीज आधी. ब्लर आणि सावल्यांनी ४ जीबीचा संगणक गुदमरतो. व्ह्यू मेनूतून डिस्प्ले मोड नो फिल्टर्सवर ठेवून काम करा. वीज जाते तेव्हा काम जातं, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्ह चालू आहे ना हे पाहून अंतर ५ मिनिटांवर आणा.

फोटोंचा घोळ त्याहून मोठा. फोटो आत घेताना विचारलं जातं : एम्बेड (फोटो फाइलीतच साठवायचा) की लिंक (फक्त त्याचा पत्ता ठेवायचा)? लिंक घेतलं आणि फाइल पेन ड्राइव्हवर दुसरीकडे नेली की फोटोच्या जागी लाल फुलीची चौकट येते. शाळेत नेहमी एम्बेड. फॉन्टही एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपच्या, फाइलीबरोबर जात नाही. ‘काल बरोबर होतं, आज अक्षरं बदलली’ या तक्रारीचं कारण जवळपास दरवेळी हेच.

छपाई हा इंकस्केपचा सर्वांत कच्चा भाग आहे. ते आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं, छापखाना सीएमवायके, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईत. पडद्यावरचा झगझगीत निळा छापताना जांभळट येतो आणि कोवळा पोपटी मळकट होतो, कारण ते रंग शाईत बसतच नाहीत. ऑफसेटला द्यायचं असेल तर पीडीएफ स्क्रायबस या पानमांडणीच्या मोफत सॉफ्टवेअरमधून सीएमवायके करून घ्या आणि चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोडा. अनेक डीटीपीवाले कोरलड्रॉवर आणि जुन्या सांकेतिक मराठी फॉन्टवर काम करतात, तिथे आपला युनिकोड मजकूर जसाच्या तसा उघडेलच असं नाही. पीडीएफ काढताना ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स’ निवडा, हा प्रश्नच उरत नाही.

फ्लेक्स मात्र इथूनच करता येतो. ६ × ३ फुटांचा फलक १०० डीपीआयला (इंचाला १०० ठिपके) ७२०० × ३६०० पिक्सेल होतो. तेवढं चित्र नुसतं उघडायलाच सुमारे १०४ एमबी मेमरी लागते. कागद दशांश मापाचा, ७.२ × ३.६ इंचांचा घ्या आणि जेपीजी काढताना १००० डीपीआय द्या, पिक्सेल तेवढेच मिळतात. पानभर पांढरा चौकोन सगळ्यांत खाली टाका, नाहीतर पारदर्शक जागा काही यंत्रांवर काळी येते. कडा दुमडून डोळे (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) ठोकतात, तेव्हा चारी बाजूंनी २ इंच आत काही महत्त्वाचं ठेवू नका. अक्षराचं माप ठरवायला ठोकताळा असा : १० फुटांवरून सहज वाचायला १ इंच उंची. रस्त्यावरून ३० फुटांवरून वाचायचं तर ३ इंच, तीही मात्रा-उकार सोडून नुसत्या अक्षराची.

हा विषय एकट्या संगणक शिक्षकाच्या गळ्यात घालू नका, कलाशिक्षकाला शेजारी बसवा. पहिले दोन तास तर संगणक बंदच ठेवा. कागदावर पेन्सिलीनं तीन कच्चे आराखडे झाल्याशिवाय माउसला हात नाही, असा दंडक ठेवला तर ३५ मिनिटं पुरतात. तीन मुलांत एक संगणक असेल तेव्हा एकानं माउस धरायचा, दुसऱ्यानं आराखडा वाचून सांगायचं, तिसऱ्यानं मापं टिपायची, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या.

रंगांसाठी एक काम वर्षाच्या सुरुवातीलाच उरकून घ्या. २४ रंगांचे चौकोन, प्रत्येकाखाली त्याचा सहा चिन्हांचा कोड, अशी फाइल करून गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून उरलेल्या तुकड्यावर २ × १ फुटांत छापून घ्या आणि संगणक खोलीत टांगा. पडद्याकडे न बघता त्या तुकड्याकडे बघून रंग निवडायचा. यंत्र किंवा दुकान बदललं की तुकडा नव्यानं छापायचा.