संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंत शिष्यवृत्ती: मुलाखत चांगली, कागदपत्रं डोकेदुखी

18 ते 25 वयाच्या कलावंताला दरमहा 5000 रुपये, सलग दोन वर्षं, आणि देशभरात मिळून 400 जागा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ही योजना दिल्लीची सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र) ही संस्था राबवते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग असो, नांदेडच्या विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल असो, की तालुक्याच्या गावी गुरुजींच्या ओसरीवर चालणारा तबल्याचा वर्ग असो, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला लागू पडणारी दुसरी एवढी मोठी सरकारी शिष्यवृत्ती पटकन आठवत नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर मुलाखतीच्या पद्धतीला चार, रकमेला अडीच आणि अर्जाला दोन. अर्जाला इतके कमी का, ते आधी.

अर्जातला सगळ्यात जड कागद म्हणजे गुरूचा दाखला. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी अट आहे. दाखल्यावर आताच्या गुरूची सही लागते आणि आधीचा गुरू असेल तर त्याचीही. मराठवाड्यातल्या मुलांचं गाडं इथेच रुततं. परभणीच्या कुणा बाईंकडे तीन वर्षं शिकलेली मुलगी बारावीनंतर संभाजीनगरला येते, तिथे दुसऱ्या सरांकडे दोन वर्षं होतात. बेरीज पाच, पण दाखला एकट्या सरांचा आणि त्यावर आकडा दोन. जुन्या बाईंकडून वेगळा दाखला आणायचं तिला सुचतच नाही. गाव सोडतानाच जुन्या गुरूंचा तारीखवार दाखला घेऊन ठेवावा: अमुक महिना-वर्षापासून तमुक महिना-वर्षापर्यंत, आठवड्याला किती दिवस, काय शिकवलं. ‘गेली अनेक वर्षे माझ्याकडे शिकत असून स्वभावाने नम्र आहे’ हा मजकूर बिनकामाचा. नम्रतेला गुण नाहीत.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांची प्रमाणपत्रं जोडावीत, पण ती गुरूच्या दाखल्याच्या जागी चालतील असं धरू नये. त्यांचा खरा उपयोग वर्षं पटवून देण्यासाठी होतो. प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा क्रमाने तारखा लागल्या की पाच वर्षं आपोआप दिसतात. मात्र दाखल्यातली सुरुवात 2021 ची आणि प्रारंभिकचं प्रमाणपत्र 2019 चं, असा घोळ ठेवू नका. आधीची दोन वर्षं कुणाकडे शिकलात, हा प्रश्न येणारच.

दुसरी भानगड नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकांचं नाव आधी, बँकेत तिसरंच, वडिलांच्या नावाचं एक अक्षर टाकून. अर्ज भरताना हे जुळलं नाही तरी चालून जाईल, पैसे जमा व्हायच्या वेळी अडेल. त्यामुळे आधार आणि बँकखातं आधी एकसारखं करून घ्या, मगच अर्जाला बसा. जिल्ह्याच्या नावाचंही तेच. 2023 पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या दाखल्यांवर जुनी नावं आहेत. ऑनलाइन यादीत जे नाव दिसेल ते निवडायचं आणि पिनकोड बिनचूक टाकायचा. एवढ्यासाठी जुने दाखले नव्याने काढत बसायची गरज नाही.

कलाप्रकार निवडताना घाई नको. शास्त्रीय संगीत, शास्त्रीय नृत्य, नाट्य, मूकाभिनय, दृश्यकला, लोककला आणि उपशास्त्रीय संगीत असे विभाग आहेत. उपशास्त्रीयमध्ये ठुमरी, दादरा, टप्पा, कव्वाली, गझल अपेक्षित आहे. भावगीतं छान गाणारी मुलं ‘हलकंफुलकं म्हणजे उपशास्त्रीय’ असं समजून तिथे खूण करतात आणि ‘एखादा दादरा म्हणा’ म्हटल्यावर गप्प होतात. नाट्यविभागात अभिनय, दिग्दर्शन चालतं. नाट्यलेखन आणि संशोधन वगळलेलं आहे. एकांकिका लिहिणाऱ्याने अर्ज करून उपयोग नाही.

आता मुलाखत. ही या योजनेची जमेची बाजू, कारण समोर जाणकार बसतात आणि नुसतं वाजवून घेत नाहीत, विचारतातही. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळेल असं धरू नका. गाणाऱ्यांची चूक ठरलेली असते: मैफलीसारखी सुरुवात. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचं एक आवर्तन (बारा मात्रांची एक फेरी) पाऊण ते एक मिनिट खातं. आठ मिनिटांत आठ-दहा आवर्तनं. त्यातली चार आलापात गेली की अंतरा राहून जातो आणि द्रुत (जलद) बंदिशीपर्यंत पोहोचायच्या आत ‘बस’ ऐकू येतं. घरी घड्याळ लावून बसवा: अर्धा मिनिट औचार (रागाची छोटी ओळख), मग स्थायी (बंदिशीचा पहिला भाग), तीन-चार आवर्तनांची बढत (हळूहळू विस्तार), अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग), आणि निम्मा वेळ द्रुतला. तीच गोष्ट चार मिनिटांत आणि दोन मिनिटांतही बसवून ठेवा, कारण समोरचे मधेच थांबवून ‘आता ताना ऐकवा’ म्हणतात.

प्रश्न बहुधा जोडीच्या रागांवर येतात. भूप आणि देशकार, स्वर तेच. मग फरक काय? भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, थाट (रागाचं कुटुंब) कल्याण, वेळ रात्रीचा पहिला प्रहर; देशकाराचा वादी धैवत, थाट बिलावल, वेळ सकाळची. हे पाठ असतं सगळ्यांचं. गाऊन दाखवा म्हटलं की खरी परीक्षा. देशकारात धैवतावर थांबायला जमलं नाही तर भूपच ऐकू येतो. मारवा आणि पूरियाचीही हीच गत. जो राग गाणार त्याचा शेजारी राग दोन मिनिटं तरी गाता आला पाहिजे.

साथीची व्यवस्था स्वतःची ठेवा. ऐनवेळी मिळालेला तबला बहुतेकदा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला तो षड्जात, म्हणजे तिच्या ‘सा’त, मिळत नाही. ओढून चढवायला गेलं तर पुडीच (वरचं कातडं) जाते. काळी चारला काळी एक म्हणजे मध्यम, त्यामुळे मध्यमात लावून निभावता येतं. पण गाणार भूप असाल तर तिथे मध्यमच वर्ज्य, आणि दहा मिनिटं तो कानाशी वाजत राहणार. एक तर लहान तोंडाचा तबला सोबत न्या, नाही तर राग बदला. मोबाइलवरचा तानपुरा चालतो, मात्र फोनच्या स्वतःच्या आवाजावर भिस्त ठेवू नका. छोटा स्पीकर, पूर्ण चार्ज, आणि फोन एअरप्लेन मोडवर. समेवर येताना रिंग वाजली की सगळं मुसळ केरात.

तबलावाल्यांनी तीन कायदे (पलटे करून वाढवायच्या ठरलेल्या रचना) वाजवण्यापेक्षा एकच वाजवावा. पेशकार (सुरुवातीची संथ रचना), एक कायदा चार-पाच पलट्यांसह (बोलांची उलटापालट), रेला (जलद बोलांची रचना), एक चक्रदार (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), एवढं पुरे. जे वाजवणार त्याची पढंत (तोंडाने बोल म्हणणं) हातावर ताल धरून यायलाच हवी. कायदा कोणत्या घराण्याचा, हेही विचारतात. दिल्लीचा आणि अजराड्याचा फरक बोलून आणि वाजवून सांगता यावा. तीनतालाच्या पलीकडे झपताल, रूपक तयार ठेवा. कथकवाल्यांनाही पढंतीचा हाच नियम. शिवाय खोलीतली फरशी गुळगुळीत असेल असं समजूनच तत्काराचा (पायांच्या ठेक्याचा) सराव करा.

नाट्यात एकांकिका स्पर्धेतला टाळ्याखाऊ तुकडा घेऊन जाणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. स्पर्धेच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज दहा फुटांवर बसलेल्या तिघांना नुसता ओरडा वाटतो. दोन-तीन मिनिटांचे दोन उतारे घ्या, एक विनोदी आणि एक शांत. मराठी उतारा न्यायला हरकत नाही. प्रसंग काय आहे ते आधी दोन वाक्यांत हिंदीतून सांगा. बीड-लातूरकडची बोली लपवू नका, एक उतारा तिच्यातच ठेवा, दुसरा प्रमाण भाषेत. दोन्ही जमतं हे त्यातूनच कळतं. उतारा कोणत्या नाटकातला, आधी काय घडलं, नंतर काय होतं, हे माहीत नसणं अक्षम्य.

लोककलेसाठी थोडं जास्त लिहायला हवं, कारण मराठवाड्याची खरी पुंजी तिथे आहे आणि अर्जाचा नमुना नेमका तिथेच तोकडा पडतो. माहूरचे रेणुराई आणि तुळजापूरचे कदमराई या दोन शाखांचे गोंधळी, पैठणच्या नाथांची भारुडं म्हणणारी घरं. इथे गुरू म्हणजे बाप किंवा आजा. ना लेटरपॅड ना शिक्का. पाच वर्षांची अट या घरांना उलटी लागते: पोरगा सातव्या वर्षापासून संबळ वाजवतो, पण कागदावर शून्य. त्यावर उपाय म्हणजे बापानेच गुरू म्हणून साध्या कागदावर तारीखवार दाखला लिहायचा. काय काय शिकवलं ते नावानिशी: संबळ, तुणतुणं, गण (सुरुवातीचं गणेशवंदन), आवाहन, कोणती आख्यानं. जोडीला ग्रामपंचायतीचा किंवा देवस्थानाचा पत्ररूपी दुजोरा, आणि कॉलेजच्या युवक महोत्सवात उतरला असेल तर त्याचं प्रमाणपत्र. फोटोंची चळत लावण्यापेक्षा तारखा असलेले दोन कागद बरे.

रात्रभर चालणारा गोंधळ दहा मिनिटांत आणणं हे मोठं कसब आहे. गण एक मिनिट, देवदेवतांचं आवाहन दोन मिनिटं, आणि आख्यानातला एकच प्रसंग, त्यात नायक आणि साथीदाराची सवाल-जवाबाची जुगलबंदी. ती नसेल तर गोंधळ नुसतं गाणं होऊन बसतो. म्हणून साथीदार घरचाच न्या. पेटती दिवटी बंद खोलीत चालणार नाही, न पेटवता हातात धरा. संबळाचं कातडं हवेला फार मानतं. आपल्या कोरड्या हवेत ताठ लावलेला संबळ मुंबईच्या दमट हवेत ढिला पडतो आणि आवाज बसतो. तास-दीड तास आधी पोचून उन्हात किंवा शेकून पुन्हा चढवून घ्या.

रकमेबद्दल. दोन वर्षांचे मिळून 1,20,000 रुपये होतात, पण महिन्याच्या एक तारखेला 5000 जमा होतील अशी आशा नको. पैसे चार सहामाही हप्त्यांत, प्रत्येकी 30,000 असे येतात. प्रवास, पुस्तकं, साहित्य, गुरूची फी, राहणं-खाणं हे सगळं त्यातच. संभाजीनगरला खोली करून राहणाऱ्या मुलाचं भाडं आणि मेस मिळून ही रक्कम तिथेच संपते. त्यामुळे या पैशांच्या भरवशावर नवीन हार्मोनिअम उधारीवर उचलू नका. मुलाखतीच्या प्रवासाचा खर्चही स्वतःच्या खिशातून धरा. साथीदारासह दोघांचं तिकीट, एक मुक्काम. दिल्लीचं बोलावणं आलं तर सचखंड एक्स्प्रेस नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर असं करत जाते, मुंबईसाठी रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस आहे. वाद्यं असतील तर आरक्षित डब्यातूनच जा. तबला सीटखाली ढकलू नका, मांडीजवळ ठेवा.

निवड झाल्यावर रोज किमान तीन तास रियाज अपेक्षित आहे आणि दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. पुढचा हप्ता अडू नये म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा: तारीख, किती तास, कोणता राग किंवा ताल, गुरूंनी नवीन काय दिलं. महिन्याच्या शेवटी त्यावर गुरूंची सही घेत चला. सहा महिन्यांच्या सह्या एकाच शाईत, एका बैठकीत घेतलेल्या असल्या की वही न वाचताही ते दिसतं.